बंदीच्या काळातला पेशंट

कोकणात घरच्या टाकीतला गोल्डफिश आजारी पडला की पहिली अडचण वैद्यकीय नसते, सामाजिक असते. 1 जून ते 31 जुलै समुद्रातली मासेमारी बंद. बाजारात बर्फातली मासळी, नाहीतर सुकट. आणि तुमच्या हॉलमध्ये काचेआड एक ताजा, गुबगुबीत, नारिंगी मासा शेपटी हलवत फिरतोय. आल्यागेल्याची त्याच्यावर जी नजर पडते, तिला प्राणिप्रेम म्हणायला माझा धीर होत नाही.

त्यात तो आजारीही पडतो नेमका याच दिवसांत. पहिल्या सरींनी टाकीचं पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. लाइट जाते आणि पंप-फिल्टर बंद पडतात. त्यातच ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल पावडर (क्लोरीनची जंतुनाशक पूड) टाकते, ती माणसांच्या पोटासाठी असते. माशाच्या कल्ल्यांना तोच क्लोरीन जाळतो.

निदानाचं म्हणाल तर मासा पारखण्यात आपला हात कोण धरणार? कल्ला उचलायचा, लाल आहे का बघायचं, बोटानं दाबायचं, खड्डा राहिला तर पुढच्या टोपलीकडे. पण ही सगळी विद्या मेलेल्या माशाची. जिवंत पेशंट दाबू देत नाही. त्याचं लांबूनच बघावं लागतं: पर अंगाशी मिटलेत का, दगडावर अंग घासतोय का, वर येऊन तोंडानं हवा ओढतोय का. तोंड वर करून असेल तर औषधाच्या बाटलीला हात लावण्याआधी पाण्यात साठणारा विषारी अमोनिया मोजायचं किट काढा. आकडा शून्य हवा. नसेल तर एक चतुर्थांश पाणी बदला आणि दोन दिवस खाणं बंद ठेवा. निम्मे पेशंट इथंच सुधारतात, कारण आजारी मासा नसतो, पाणी असतं. बदलायचं पाणी चोवीस तास बादलीत हवेच्या पंपाचा बुडबुडे सोडणारा दगड लावून ठेवलेलं किंवा अँटी-क्लोरीनचे थेंब टाकलेलं असावं. आणि घरातले सगळे त्याला गुपचूप कुरमुरे घालतायत का, तेही बघा. उत्तर हो असंच येतं.

पण अंगभर पांढरे ठिपके दिसले, तळायच्या आधी रव्यात घोळावा तसा मासा दिसू लागला, की तो ‘इक’. शेजारच्या काकी लगेच म्हणणार, ‘‘रवो लावलेलोच आसा, आता तवो तापत ठेव!’’ ठिपके फक्त कल्ल्याच्या झाकणावर आणि पुढच्या परांच्या काठावर ओळीनं असतील तर मात्र उपचार नकोत. तो वयात आलेला नर आहे, त्याचं काही बिघडलेलं नाही.

इकचा परजीवी माशाच्या कातडीत शिरून बसतो. तिथे त्याला कुठलंच औषध पोचत नाही. पोट भरलं की तो गळून तळाला जातो, स्वतःभोवती कवच करतो आणि आत शेकड्यांनी पिल्लं तयार होतात. ती कवच फोडून पोहत दुसरा मासा शोधू लागली की तेवढ्यात औषध त्यांना गाठतं. पाणी 26-27 अंश असेल तर हे चक्र चार-पाच दिवसांत फिरतं, थंड पाण्यात कित्येक आठवडे. म्हणून तिसऱ्या दिवशी ठिपके गेले की ‘‘बरा झाला!’’ म्हणून औषध थांबवणारे पुढच्या आठवड्यात दुप्पट रव्याचा मासा बघतात.

मात्रेआधी टाकी मोजा. दोन फूट बाय एक बाय एकची टाकी म्हणजे 60×30×30 सेंटिमीटर, 54 लिटर. वाळू आणि वरची मोकळी जागा वजा केली की पाणी उरतं 45 लिटरच्या आसपास. दुकानदार ‘‘टाका चार थेंब’’ म्हणतो, तो टाकी न बघता म्हणतो.

मीठ लिटरला 2 ग्रॅम, म्हणजे 90 ग्रॅम साधं खडेमीठ. तीन वाटे करा, प्रत्येक वाटा मगभर पाण्यात विरघळवा आणि सात-आठ तासांच्या अंतरानं सोडा. ‘‘त्यापेक्षा समुद्राचंच पाणी आण की बादलीभर’’ हा सल्ला फुकट मिळेल. समुद्रात लिटरला साधारण 35 ग्रॅम मीठ असतं, आणि हा मासा गोड्या पाण्यातला. मीठ वाफ होऊन उडत नाही, तेव्हा आटलेल्या पाण्याच्या जागी साधंच पाणी घाला. काढलेल्या पाण्याच्या बदल्यात मात्र तेवढ्यापुरतं मीठ मिसळा. टाकीत कॅटफिश किंवा लोच जातीचे मासे असतील तर मिठाचा हात आखडता ठेवा, आणि पाणवनस्पती आधी बाहेर काढा. एवढं होईपर्यंत काकी पुन्हा डोकावलेल्या असतात: ‘‘मीठ घातलंस, आता तिरफळां तेवडी रवली.’’

हीटरनं तापमान दिवसाला दोन अंशांनी चढवत 29-30 पर्यंत न्या, चक्र लवकर फिरतं. पण गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून हवेचा पंप जोरात हवा. इथंच महावितरणाची परीक्षा सुरू होते. बॅटरीचा पंप नसेल तर मगानं पाणी उचलून फूटभर उंचीवरून ओतत बसा. लाइट लवकर येते, या विश्वासावर कुणी मासा वाचवल्याचं माझ्या ऐकिवात नाही. चार-सहा तास बंद राहिलेला फिल्टर तसाच चालू करू नका. आतले पाणी साफ ठेवणारे जिवाणू गुदमरून मेलेले असतात आणि ती घाण सरळ टाकीत येते. आधी स्पंज बादलीत काढलेल्या टाकीच्याच पाण्यात पिळून घ्या.

एवढ्यानं भागलं नाही तर मॅलकाइट ग्रीन, मात्रा बाटलीवरची. फिल्टरमधला कार्बन आधी काढा, नाहीतर तोच औषध पिऊन टाकतो. टाकीचा दिवा बंद ठेवा, उजेडात ते निकामी होतं. हातमोजे घाला. दर मात्रेआधी पाइपनं तळाची वाळू उपसत पाव टाकी पाणी बदला, कवचं तिथंच असतात. खायच्या माशांना हे औषध बहुतेक देशांत निषिद्ध आहे आणि ही माहिती काकींना तातडीनं द्यावी. माझ्या मते या औषधाचा सर्वात खात्रीचा गुण हाच.

शेवटचा ठिपका गेल्यावरही उपचार आणखी एक पूर्ण चक्र चालू ठेवायचे. जांभ्यातल्या विहिरींचं पाणी बहुधा मऊ, म्हणजे कमी क्षारांचं, पीएच (आम्लतेचं माप) धरून ठेवत नाही. त्यासाठी तिसऱ्यांच्या उकळून घासलेल्या मूठभर शिंपा जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरमध्ये ठेवा. रविवारच्या जेवणातून औषधाला एवढाच हातभार मिळतो.

मिठाचं पाणी माडाच्या आळ्यात ओता, माडाला चालतं. औषधाचं व्हाळात किंवा विहिरीजवळ मुळीच नको. जाळी, पाइप, बादली खडखडीत सुकवायची, परजीवी कोरडा झाला की मरतो. जुलैत ऊन कुठलं, म्हणाल तर चड्ड्या-बनियन सुकतात त्याच चुलीवरच्या दोरीवर टांगा. फक्त शेजारी सुके बोंबील नसावेत, नाहीतर मांजर जाळीसकट खाली येतं.