होकुसाईच्या लाटेला ओला कापूस लावू नका

‘जपानची ती प्रसिद्ध निळी लाट म्हणजे त्सुनामी. चित्रकार होकुसाईने ती स्वतःच्या हाताने रंगवली. मूळ चित्र एकच, बाकी सगळी नकली. निळा रंग आपल्या भारतातल्या निळीचा. घरातलं चित्र अस्सल आहे का बघायला ओल्या कापसाने कोपरा पुसा, रंग सुटला की नकली!’ हा फॉरवर्ड मावशीपर्यंत पोचला आणि तिने फ्रेम भिंतीवरून उतरवलीसुद्धा. म्हणून आधी कापूस.

ही परीक्षा नेमकी उलटी आहे. ही लाट लाकडी फळ्यांवरून कागदावर छापलेली आहे, आणि अशा जपानी छापचित्रांचे रंग पाण्यात कालवलेले असतात: रंगद्रव्य, थोडा सरस, तांदळाची खळ. तेलाचा थेंब नाही. काही जुन्या प्रतींत आपल्याकडच्या केना या रानभाजीच्या जातीतल्या रानफुलाचा निळा असतो, तो तर पाणी लागताच पळतो. कागदावर तुरटी-सरसाचा हात असतो. पाण्याने तोही सुटतो, कागद फुगतो आणि सुकताना ओल्या भागाच्या कडेने तपकिरी डाग उठतो. उलट ऑफसेट, म्हणजे छापखान्यात यंत्रावर छापलेल्या, पोस्टरची शाई तेलकट, ती कापसाला दाद देत नाही. म्हणजे पोस्टर पास, अस्सल प्रत नापास, वर खराबही.

त्यापेक्षा दहापट भिंग घ्या. रंगात बारीक ठिपक्यांची जाळी दिसली की ऑफसेट, विषय संपला. नाही दिसली तर मागची बाजू बघा: हाताने छापलेल्या कागदात रंग आत मुरलेला असतो, घासल्याच्या गोल खुणा असतात. तरी हुरळू नका, नव्याने कोरलेल्या फळ्यांच्या आधुनिक प्रतीही यात पास होतात. तिथे जुन्या प्रतीच्या फोटोशी रेघ न् रेघ ताडून पाहावी लागते.

‘मूळ चित्र एकच’? एकही नाही. चित्रकार पातळ कागदावर रेखाटन करी. ते चेरीच्या फळीवर उलटं चिकटवून कोरणारा रेघा सोडून बाकी लाकूड काढी, त्यातच रेखाटन संपे. मग प्रत्येक रंगासाठी वेगळं कोरकाम. कागद नेमका बसावा म्हणून फळीवर दोन खाचा: कोपऱ्यात काटकोनी, कडेला सरळ. छापणारा ओलसर कागद ठेवून बांबूच्या सालीत गुंडाळलेल्या चकतीने मागून घासे. कागद जास्त ओला राहिला तर रंग रेघेबाहेर फुटतो, मध्येच सुकला तर आकसतो आणि पुढचा रंग सरकून बसतो. खळ कमी पडली तर सपाट रंगात तिळासारखे ठिपके येतात. हे सगळं होकुसाईने एकट्याने केलं नाही. खर्च आणि विक्री निशिमुराया योहाची या प्रकाशकाची. सारख्या छपाईने फळी झिजे, म्हणून लाटेच्या नंतरच्या प्रतींत शीर्षकाच्या चौकटीची रेघ तुटलेली दिसते. ब्रिटिश म्युझियमच्या कापुसीन कोरेनबर्ग यांनी जगभरातून १११ जुन्या प्रती शोधल्या. त्यातली ‘एकच मूळ’ कोणती, हे फॉरवर्डवाल्याने सांगावं.

त्सुनामीचं उत्तर २००९ साली कार्टराइट आणि नाकामुरा या संशोधकांनी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात दिलंय. चित्रातल्या होड्या १२ ते १५ मीटर लांबीच्या असत, त्या मापाने लाट १० ते १२ मीटर. ही वाऱ्याच्या समुद्रातली, कोसळून फुटणारी लाट. खोल समुद्रात त्सुनामी अशी उभी राहतच नाही. आणि होड्यांतली माणसं आपत्तीग्रस्त नव्हेत, कामावर आहेत: ताजी मासळी एदोच्या (आजच्या टोकियोच्या) बाजारात लवकर पोचवायची, म्हणून प्रत्येक होडीत आठ वल्हेकरी.

निळीबाबत थोडं मान्य करावं लागतं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या तपासणीत या चित्रात नीळ सापडली आहे, पण प्रशियन ब्लू या कृत्रिम निळ्या रंगाच्या जोडीने. तो रंग बर्लिनचा, म्हणून जपानीत ‘बेरो-आय’, म्हणजे बर्लिनचा निळा. शिवाय जपान स्वतःची नीळ वेगळ्याच झुडपापासून काढत असे. अभिमानाला इथे फारशी जागा नाही.

मावशी, फ्रेम परत लाव, फक्त खिडकीसमोर नको. लाटेमागच्या आकाशात गुलाबी ढग छापलेला होता. बहुतेक जुन्या प्रतींत तो उजेडाने उडून गेलाय, उरलाय तो पिवळट कागद.