लाखभराचं सामान, आणि ते धरून ठेवलंय दहा नंबरच्या बोल्टनं

राजेहो, पोस्ट लांब आहे. पण दारात थार, जिमनी, गुरखा किंवा महिंद्राची जुनी मेजर अशी जीपवळणाची गाडी उभी असेल तर वाचाच.

नागपुरात आता गल्लीगल्लीत मागे स्टेपनी लटकवलेली गाडी दिसते. तिच्यावर एलईडी बार, रूफ रॅक, साईड स्टेप, जेरीकॅन, बाहेर काढलेला बंपर असा लाखभराचा ऐवज असतो. आणि हे सगळं कशावर टांगलेलं? दुकानदारानं डब्यातून उचललेल्या साध्या षटकोनी बोल्टवर. एम-६ ला (६ मिलीमीटर जाडीच्या बोल्टला) १० नंबरचा पाना लागतो, एम-८ ला १३ (जपानी वळणाच्या गाड्यांना १२), एम-१० ला १७ किंवा १४. म्हणजे पाच गोट्या (सॉकेट) आणि एक रॅचेट ज्याच्या खिशात, त्याला तुमच्या गाडीचं बाहेरचं जवळपास सगळं सुटतं. आवाज नाही, काच फुटत नाही, अलार्म वाजत नाही. याला चोराची हुशारी कसं म्हणायचं? आपणच दार उघडं टाकलेलं असतं.

सगळ्यात आधी जाते ती स्टेपनी. ती दारावर उघडी लटकते आणि नवाकोरा टायर रिमसकट मिळतो. थारच्या २५५/६५ आर-१८ ला गिऱ्हाईक सहज सापडतं. जिमनीचा १९५/८० आर-१५ तर एकटा माणूस उचलून नेतो. लॉक नट (खास किल्लीनं, म्हणजे 'की'नंच फिरणारा नट) बसवलाय म्हणून निश्चिंत राहणाऱ्यांनी आधी तो नट हातात घेऊन बघावा. स्वस्तातल्या लॉक नटचं बाहेरचं अंग गुळगुळीत असतं, पण घट्ट असतं. त्याच्यावर जरा लहान मापाची बारा कोनांची गोटी हातोडीनं ठोकून बसवली की ती दात रोवते आणि नट फिरतो. की-चा नमुना कितीही किचकट असो, त्याला कोणी विचारतच नाही. म्हणून घ्यायचा तो फिरत्या कॉलरचा. त्यात बाहेरची रिंग मोकळी असते, ठोकलेली गोटी रिंगसकट गरागरा फिरते आणि आतला नट जागचा हलत नाही.

एकच लॉक नट लावू नका, दोन लावा. बाकीचे नट काढले की चाक एकाच नटावर लोंबकळतं. मग पहार घालून हेलकावे दिले की कॅरिअरचा पत्रा वाकतो. चाकही जातं आणि वर दाराच्या डेंटिंगचा खर्चही येतो. आकाराच्या आधी आटे तपासा. सुझुकीचे एम-१२, १.२५ पिचचे (दोन आट्यांमधलं अंतर १.२५ मिलीमीटर) आहेत. १.५ पिचचा नट दोन फेरे बसल्यासारखा वाटतो आणि मग स्टडचे आटे खाऊन टाकतो. लॉक नट हातानं, साध्या पान्यानं आवळा. इम्पॅक्ट गन लावली की पहिली तुटते ती की. कीवरचा कोड नंबर मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. एक की घरी ठेवा आणि दुसरी गाडीत, पण ग्लोव्ह बॉक्समध्ये नको. की घरी विसरून पेंचला निघालात आणि मनसरजवळ पंक्चर झालं, तर पंक्चरवाला भाऊ छिन्नी काढेल, त्याच्याकडे दुसरा इलाज नसतो.

बंपरवर स्टेपनीसाठी फिरत्या हाताचा कॅरिअर लावलेला असेल तर आणखी एक जागा बघा. चाकाला कुलूप असतं, पण हाताच्या बिजागराची पिन खाली एका सर्कलिपवर (खाचेत बसणाऱ्या स्प्रिंगच्या कडीवर) किंवा नटावर उघडी असते. ती काढली की हात, चाक, कुलूप सगळं एकत्र उचलून जातं. पिनच्या खालच्या टोकाला शिअर नट (आवळल्यावर डोकं तुटून जाणारा) लावा. वेल्डिंगचा टाका मारायचाच असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा, नाहीतर पाचशेच्या कामापायी ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जाईल.

यातला सगळ्यात भारी उपाय फुकट आहे. गाडी मागे घेऊन भिंतीला लावा. चाक आणि भिंत यांच्यात अगदी थोडंच अंतर राहिलं की पाना फिरवायला हात शिरत नाही आणि शिरला तरी चाक स्टडवरून बाहेर ओढायला जागा उरत नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये बहुतेक जण तोंड भिंतीकडे आणि स्टेपनी रस्त्याकडे करून गाडी लावतात. सकाळी निघायला सोपं जावं म्हणून तरी उलटी लावा!

आता बाकीच्या बोल्टांबद्दल. चांदणीच्या आकाराच्या खाचेचे आणि मधे पिन असलेले टॉर्क्स बोल्ट 'अँटी थेफ्ट' म्हणून विकतात. त्यांचा बिट सेट काही शे रुपयांत मिळतो, त्यामुळे जाता जाता हात मारणारा त्यांनी थांबतो, ठरवून आलेला थांबत नाही. जीप रँग्लरवाल्यांना हे सांगायची गरज नसावी. त्यांच्या दाराच्या बिजागराचे बोल्ट टी-५० मापाचे टॉर्क्स आहेत आणि ती चावी कंपनीच टूलकिटमध्ये देते.

रूफ रॅकचे पाय आणि लाईट बारचे ब्रॅकेट, म्हणजे जे वर्षानुवर्षं काढायचं नसतं, तिथे शिअर नट लावावेत. हा नट पुरेसा आवळला की वरचं षटकोनी डोकं तुटून हातात येतं आणि खाली राहतो गुळगुळीत शंकू. त्याला पाना धरत नाही. आवळायच्या आधी जागा दोनदा तपासा, कारण नंतर तो काढायचा म्हणजे ड्रिल किंवा छिन्नी. स्टेनलेसचा शिअर नट स्टेनलेसच्या बोल्टवर लावत असाल तर आट्यांना आधी अँटीसीझ (आटे अडकू न देणारं वंगण) लावा. कोरडे आटे अर्ध्यातच एकमेकांना चावतात, डोकं लवकर तुटतं आणि ब्रॅकेट ढिला राहतो.

आणि एक देशी जुगाड, जो महागड्या किटच्या तोडीचा आहे. षटकोनी डोक्याचे बोल्ट काढून त्याच मापाचे अॅलन बोल्ट (डोक्यात षटकोनी खाच असलेले) बसवा. एम-६ च्या अॅलनला ५ मिलीमीटरची की लागते. त्या खाचेत सायकलचा ३/१६ इंची छर्रा बरोबर बसतो, कारण तो ४.७६ मिलीमीटरचा असतो. खाचेत सिलिकॉनचा थेंब टाका, वर छर्रा दाबा आणि रात्रभर तसंच राहू द्या. अॅलन की आत जाणारच नाही. तुम्हाला काढायचं असेल तेव्हा टोच्यानं खरवडून निघतो. सिलिकॉनऐवजी एपॉक्सी वापरलं तर मात्र तुम्हालाही ड्रिलच लागेल. बोल्ट, वायसर इतवारीतल्या लोहा ओळीत मिळतील आणि छर्रे कोणत्याही सायकलवाल्याकडे. सगळा खर्च एका पिझ्झ्याएवढा.

एका जागी मात्र हे प्रयोग करू नका, आणि ती म्हणजे टो हूक, म्हणजे अडकलेली गाडी ओढायचा हूक. रिकव्हरीच्या हुकावर गाडी ओढताना गाडीच्या वजनाहून जास्त झटका येतो. तिथे कंपनीनं दिलेल्या ग्रेडचाच (मजबुतीचाच) बोल्ट हवा, ८.८ असेल तर ८.८, १०.९ असेल तर १०.९. बाजारातला चकचकीत स्टेनलेस लॉकिंग बोल्ट त्याहून मऊ असतो. तो तुटला की हूक गोळीसारखा सुटतो. हूक चोरीला गेला तर नवा घेता येतो, या सुटलेल्या हुकाची भरपाई कशी करणार?

जुन्या मेजर आणि जुन्या सीआरडीई (डिझेल) थारचे मालक बॉनेटचे बाहेरचे हूक विसरतात. ते हातानं उघडतात आणि खाली बॅटरी असते. बॉनेटला आरपार पिनवालं किल्लीचं लॉक बसवून घ्या.

अक्षरं, लोगो, फेंडरवरची पट्टी हे टेपवर चिकटलेलं असतं, त्यामुळे नखानंही निघतं. पुन्हा चिकटवायचं असेल तर व्हीएचबी टेप (दोन्ही बाजूंनी चिकटणारी मजबूत टेप) घ्या आणि आधी जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. ही टेप २१ ते ३८ अंशांत लावायची असते आणि पूर्ण धरायला ७२ तास घेते. मे महिन्यात नागपुरात दुपारी दोनला उन्हात तापलेल्या पत्र्यावर लावाल तर ती नीट धरायची नाही. सकाळी सहाला सावलीत लावा आणि तीन दिवस प्रेशर वॉशरपासून लांब ठेवा.

अलार्मवर फार भिस्त नको. कंपनीचा अलार्म दार उघडलं की वाजतो आणि स्टेपनी काढताना दार उघडतच नाही. कंपनाचा सेन्सर लावला तर ट्रक गेला तरी वाजतो, आठवड्यात शेजारी भांडायला येतात आणि तुम्ही तो बंद करता. झुकाव ओळखणारा सेन्सर त्यापेक्षा बरा, जॅक लावून चाकं नेणाऱ्यांसाठी तरी.

खुणा करून ठेवा. चासिस नंबरचे शेवटचे आठ अंक रिमच्या आतल्या बाजूला, लाईटच्या मागे आणि रॅकच्या खाली कोरून घ्या. टायरवरचा चार अंकी आठवडा-वर्षाचा कोड लिहून ठेवा. फोटो आणि बिलं एकत्र ठेवा. बिलाचा उपयोग कुठे होतो ते सांगतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यांनुसार ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीच्या मालाची पहिलीच चोरी अदखलपात्र धरली जाते, म्हणजे पोलीस स्वतःहून तपास करत नाहीत. तुमच्या लाईट बारची किंमत कागदावर नसेल तर ठाण्यात ती कोण ठरवणार? पेंचच्या तुरिया गेटला, म्हणजे मध्य प्रदेशात चाक गेलं आणि नागपुरात येऊन कळलं, तरी जवळच्या ठाण्यात झिरो एफआयआर (हद्द न बघता नोंदवलेला) होतो. ऑनलाइन तक्रार दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते.

विम्याचा हिशेब आधीच करा. नंतर बसवलेल्या वस्तू पॉलिसीत वेगळ्या नोंदवल्या नसतील तर त्यांचे पैसे मिळत नाहीत. इलेक्ट्रिकल वस्तूंना जुन्या टॅरिफनुसार किमतीच्या ४ टक्के हप्ता लागतो. नोंदवल्या असल्या तरी क्लेममधून १५०० सीसीपर्यंत १,००० आणि त्यापुढे २,००० रुपये तुमच्याच खिशातून जातात. जिमनी पहिल्या गटात येते, २१८४ सीसीची डिझेल थार दुसऱ्यात. वर एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याची सवलत, शून्य. समजा ओन डॅमेजचा (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा) हप्ता सवलतीआधी ३०,००० आहे आणि तुम्ही ५० टक्के सवलतीवर आहात, तर नऊ हजारांच्या क्लेमपायी पुढच्या वर्षी १५,००० जास्त मोजाल, आणि ५० टक्क्यांवर परत यायला पाच वर्षं लागतील.

शेवटचं जरा कडू आहे, पण बोलतोच. 'भाऊ, अर्ध्या किमतीत अलॉय आहे, बिल नाही' अशा पोस्टखाली सगळ्यात आधी 'इनबॉक्स करा' लिहिणारे आपल्याच ग्रुपचे असतात. चोरीचा माल आहे असं मानायला कारण असताना घेतला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तेच अलॉय काल कोणाच्या तरी दारातून उतरलेलं असतं आणि त्याच्या मालकाची 'कोणी पाहिलं का' ही पोस्ट तुम्ही सकाळी लाईक केलेली असते.

पुढच्या वेळी दुकानात लाईट बार घ्याल तेव्हा वॅट विचारायच्या आधी एवढं विचारा, 'बसवताना बोल्ट कुठले लावणार?' उत्तर 'सोबत येतात तेच' असं आलं, तर स्वतःचे बोल्ट घेऊन जा आणि समोर उभं राहून बसवून घ्या.