एका मजकुरात कोंबलेले तीन हमिंगबर्ड

हमिंगबर्डविषयीचा एक मजकूर सध्या छायाचित्रासह हातोहात फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: हा जगातील सर्वांत लहान पक्षी 2 ग्रॅमही भरत नाही, तो 800 किलोमीटरचा समुद्र न थांबता ओलांडतो, एरवीही क्षणभर थांबला तर मरतो, चोचीच्या नळीने मकरंद शोषतो, आणि त्याच्या सर्व जातींत फरक काय तो रंगाचा. छायाचित्रात मात्र शरीराहून लांब चोचीचा पक्षी दिसतो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

2 ग्रॅमांच्या आत भरणारा पक्षी म्हणजे क्यूबातील मधमाशी हमिंगबर्ड, त्यातही फक्त नर. मादी त्याच्याहून मोठी, सुमारे 2.6 ग्रॅमांची असते. छायाचित्रातील पक्षी आहे तलवारचोच्या हमिंगबर्ड. व्हेनेझुएलापासून बोलिव्हियापर्यंत अँडीजच्या उंच, दमट जंगलांत राहणारा हा पक्षी 10 ग्रॅमांहून जड असतो. समुद्राची गोष्ट या दोघांचीही नव्हे. मेक्सिकोचे आखात ओलांडतात ते उत्तर अमेरिकेतील लाल गळ्याचे हमिंगबर्ड. मधमाशी हमिंगबर्ड स्थलांतर करीतच नाही.

थांबला की मरतो, हे तर कोणत्याच हमिंगबर्डला लागू नाही. दिवसाचा बराच वेळ हे पक्षी फांदीवर बसून काढतात आणि रात्री गरजेनुसार सुप्तावस्थेत जातात. पेरूच्या अँडीजमधील एका जातीच्या शरीराचे तापमान रात्री सुमारे 3.3 अंश सेल्सिअसपर्यंत उतरल्याचे 2020 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदले गेले. इतका थंडगार पडलेला पक्षी सकाळी पुन्हा ऊब आणून उडतो, हे मूळ दाव्यापेक्षा कितीतरी नवलाचे आहे.

नळीची कल्पना निदान समजण्यासारखी आहे, कारण जिभेच्या खाचांत मकरंद केशाकर्षणाने, म्हणजे बारीक नळीत द्रव आपोआप वर चढतो तसा, चढतो असे अभ्यासकही 1833 पासून मानत आले होते. रिको-ग्वेवारा आणि रुबेगा या संशोधकांनी 2011 मध्ये दाखवले की जिभेचे दुभंगलेले टोक मकरंदात बुडताच त्याच्या कडांची झालर उलगडते आणि बाहेर येताना मिटून थेंब पकडते. पुढे 2015 मध्ये हेही स्पष्ट झाले की बाहेर पडताना चोचीने दाबून चपटी केलेली जीभ मकरंदाला टेकताच फुगते व तो आत खेचते. म्हणजे हा पक्षी चाटतो, आणि तेही सेकंदाला दहाहून अधिक वेळा.

आता राहिला ‘फक्त रंगाचा फरक’. तलवारचोच्याची चोच सुमारे 10 सेंटिमीटर भरते, तर मधमाशी हमिंगबर्डचा नर चोच-शेपटीसह अख्खा 5.5 सेंटिमीटरांचा. कृष्णकमळाच्या कुळातील काही अँडीज जातींच्या फुलांची नळी इतकी लांब असते की तळाच्या मकरंदाशी सरळ मार्गाने पोचणे याच चोचीला जमते, आणि त्या फुलांचे परागीभवनही बव्हंशी याच पक्ष्यावर अवलंबून असते. या सोयीची किंमतही आहे. बाकीचे पक्षी चोचीने पिसे विंचरतात. याच्या चोचीचे टोक अंगापर्यंत वळतच नाही, म्हणून तो पायाने खाजवून भागवतो. फांदीवर बसला की मानेवरचा भार सावरण्यासाठी चोच तिरपी वर धरतो, आणि फिरत्या छायाचित्रात तो नेमका तसाच बसलेला आहे: थांबलेला आणि जिवंत.