स्वीडनच्या टॅबचा दाखला देताना

माझी मावसबहीण सांगली जिल्ह्यातल्या, कर्नाटकच्या सीमेवरच्या जत तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर पहिली-दुसरीला शिकवते. गेल्या महिन्यात तिने व्हॉट्सॲपवर फिरत आलेला एक मजकूर मला पाठवला. ‘स्वीडनने शाळांतले टॅब बंद करून पुन्हा पुस्तकं आणली, आणि आपण अजून डिजिटल शाळेचे फलक लावतोय’, असा त्याचा सूर. खाली तिचा प्रश्न : ‘दादा, तू तिकडेच आहेस ना? खरं काय ते सांग.’ फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितो आहे.

बातमी खोटी नाही. स्वीडनमध्ये 2019 पासून बालवाडीच्या अभ्यासक्रमातसुद्धा डिजिटल साधनं सक्तीची होती. पुढे चौथीतल्या मुलांच्या वाचनाची ‘पर्ल्स’ ही आंतरराष्ट्रीय चाचणी झाली. तिच्यात 2016 साली देशाचे 555 गुण होते, ते 2021 मध्ये 544 वर आले. सरकार खडबडून जागं झालं. 2023 मध्ये शाळांच्या पुस्तकखरेदीसाठी 68 कोटी 50 लाख क्रोनर (स्वीडनचं चलन) काढले आणि सहा वर्षांखालच्या मुलांना पडद्यापासून दूर ठेवायचं ठरवलं. अकरा वर्षं स्टॉकहोममध्ये राहिलेला बाप म्हणून मला हा निर्णय पटला. माझा मुलगा दुसरीत आहे, त्याच्या दप्तरात आता खरी पुस्तकं असतात.

पण त्या मजकुरात एक गोष्ट नाही, आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. स्टॉकहोमला लागूनच सोलेन्तुना नावाची नगरपालिका आहे. तिथे मुलं अक्षरओळख होता होताच संगणकावर लिहायची, लिहिलेलं वर्गमित्रांना दाखवायची, त्यांच्या सूचना घेऊन सुधारायची आणि ते करता करताच वाचायला शिकायची. संशोधकांनी तिसरीच्या मुलांची तुलना केली, तेव्हा या पद्धतीने शिकलेली मुलं पुढे होती. जुन्या पद्धतीची, वही-पेन्सिलवाली मुलं त्यांच्या मागे. आणि सगळ्यात मागे कोण? ज्यांच्या हातात यंत्र दिलं, पण शिकवायची पद्धत दिली नाही, ती. म्हणजे नुसतं यंत्र देण्यापेक्षा काहीच न देणं बरं ठरलं! आपल्याकडची भांडणं ‘टॅब हवा की नको’ इथेच अडकतात, याचं मला फार वाईट वाटतं.

दर शनिवारी आम्ही काही पालक इथल्या मुलांना मराठी शिकवतो. एकाच नगरपालिकेत किमान पाच मुलं आणि शिक्षक मिळाला तर मातृभाषेचा तास इथली शाळाच देते. आमची मुलं चार ठिकाणी विखुरलेली, म्हणून हे घरचं. सात वर्षांच्या एका मुलीला ‘प्र’ काही केल्या लक्षात राहत नव्हता. तिला फोनवर मराठी कळफलक उघडून दिला. तिने प दाबला, हलन्त दाबला, मग र दाबला, आणि र तिच्या डोळ्यांदेखत प च्या पोटात शिरला. ‘काका, र कुठे गेला?’ मग ‘सर्प’ लिहून पाहिला. इथे र आधी, प नंतर, आणि र उडी मारून प च्या डोक्यावर! पाटीवर रकार आणि रफार म्हणजे दोन वेगळी चित्रं वाटतात. कळफलकावर तिला आवाजांचा क्रम दिसला. पुढचा अर्धा तास ती ‘चक्र’, ‘अर्क’, ‘सूर्य’ लिहीत बसली होती.

त्याच वर्गातला एक मुलगा मात्र दोन अक्षरं दाबून खाली सुचवलेला शब्द उचलायचा. पडद्यावर झकास परिच्छेद. कागद पुढे ठेवला तर ‘शाळेत’ लिहिताना अडला. फोन तोच, कळफलक तोच. आता मी शब्द सुचवण्याची सोय आधी बंद करतो, मगच फोन मुलांच्या हातात देतो.

बहिणीच्या शाळेत लोकवर्गणीतून मोठा टीव्ही आला. त्यावर बाराखडीची गाणी लागतात, मुलं एका सुरात म्हणतात. गाणं पाठ झालं म्हणजे वाचन आलं असं नव्हे, हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. मुलांना वाचन-गणित किती येतं हे तपासणाऱ्या ‘असर’च्या 2024 च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांत तिसरीची 23.4 टक्केच मुलं दुसरीचा उतारा वाचू शकली. त्यातही तिच्या निम्म्या वर्गाची घरची बोली कन्नड. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीत रणजितसिंह डिसले गुरुजींपुढे हीच अडचण होती. 2020 चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाल्यावर सगळीकडे त्यांनी पाठ्यपुस्तकांत घातलेल्या क्यूआर कोडचं कौतुक झालं. पण मुलांसाठी गुरुजी आधी कन्नड शिकले, ही गोष्ट मला त्या कोडहून मोठी वाटते.

आणि स्वीडनचा दाखला देणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं : इथे टॅब बाजूला ठेवला तेव्हा हात घालायला पुस्तकांचं कपाट होतं, गल्लीगल्लीत वाचनालय होतं. जतच्या वाडीवरच्या पोराच्या घरी पाठ्यपुस्तकाशिवाय छापील कागद म्हणजे किराणाची पुडी. त्याच्या हातातला फोन काढून घ्यायचा, तर बदल्यात काय देणार ते आधी सांगा.

बहिणीला मी सुचवलं ते इतकंच. मुलांनी स्वतःचं एक वाक्य सांगायचं, कन्नडमिश्रित असलं तरी चालेल. तुझ्या फोनवर त्यांनीच ते अक्षर अक्षर दाबून लिहायचं, शेजारच्याने वाचून चुका काढायच्या, मग छापून भिंतीवर लावायचं. पहिलं वाक्य आलं : ‘आमच्या म्हशीला रेडकू झालं.’ त्या एका कागदापुढे पोरं मधल्या सुट्टीत गर्दी करतात म्हणे. यंदाच्या लोकवर्गणीतून दुसरा टीव्ही घ्यायचं चाललं होतं. तिने मुख्याध्यापकांकडे प्रिंटर मागितला आहे. ‘शाई संपल्यावर रे?’ असं तिने विचारलं. शाईचे पैसे यंदा मी पाठवतो आहे. पुढच्या वर्षी मात्र ते शाळेच्या अनुदानातूनच मिळायला हवेत, आणि तसा अर्ज आम्ही दोघं मिळून लिहितो आहोत.