महिन्याभरात १० किलो: दाव्यामागचा हिशेब

पाऊस स्थिरावला आणि चतुर्थीचे वेध लागले की गोव्यातल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप गटांतून एक संदेश थोड्याफार फरकाने फिरू लागतो. ३० दिवसांत १० किलो वजन हमखास कमी होते, असा त्याचा मुख्य दावा असतो. त्याच्या पुष्ट्यर्थ पुढची विधाने येतात: पहिल्याच आठवड्यात ४ किलो उतरतात आणि तोच वेग पुढे टिकतो, भात पूर्ण बंद करावा, सकाळी उपाशीपोटी आगळ (कोकमाचा घट्ट रस) पाण्यातून घ्यावे, म्हणजे त्यातल्या आम्लाने चरबी वितळते, घाम जितका गळेल तितकी चरबी जाते, काटा थांबला तर जेवण आणखी निम्मे करावे, आणि सावकाश उतरवा म्हणणारे डॉक्टर आपला धंदा सांभाळत असतात. पाठवणाऱ्याच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. बहुतेकदा तो घरातलाच कोणी मावसभाऊ किंवा शेजारीण असते. संदेशातली विधाने मात्र तपासायला हवीत.

मुख्य दावा साध्या गुणाकाराने तपासता येतो. शरीरातल्या १ किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी साठवलेल्या असतात, तेव्हा १० किलो चरबी ३० दिवसांत घालवायची तर ७७,००० कॅलरींची, म्हणजे रोज अडीच हजारांहून अधिक कॅलरींची तूट पडली पाहिजे. पणजीतल्या एखाद्या कचेरीत दिवसभर बसून काम करणारा, ८० किलो वजनाचा, पंचेचाळिशीतला पुरुष दिवसाला साधारण २,३०० कॅलरी खर्च करतो. त्याच वयाची, ७० किलो वजनाची स्त्री १,८०० च्या आसपास. या दोघांनी महिनाभर पाण्याखेरीज काहीही तोंडात घातले नाही, तरी त्यांच्या अंगातली १० किलो चरबी जाणार नाही. मग कोणाकोणाचा काटा खरोखरच इतका खाली येतो, त्याचे काय? तिथे उतरलेल्या वजनात पाणी असते आणि स्नायूही असतात. स्नायू गमावण्यात तर कोणाचेच हित नाही.

याच हिशेबाने वाजवी अपेक्षाही ठरवता येते. रोज ५०० कॅलरींची तूट राहिली तर महिन्याला सुमारे २ किलो, म्हणजे आठवड्याला साधारण अर्धा किलो वजन उतरते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आहारविषयक मार्गदर्शिकेतही आठवड्याला अर्धा किलो हाच सुरक्षित वेग सांगितला आहे आणि वजन उतरवण्यासाठीचा आहार दिवसाला १,००० कॅलरींच्या खाली नेऊ नये, असे बजावले आहे. ज्यांचे वजन बरेच जास्त आहे त्यांना सुरुवातीला आठवड्याला किलोभर उतरलेले दिसू शकते. सहा महिन्यांत मूळ वजनाच्या ५ ते १० टक्के हे उद्दिष्ट डॉक्टर सहसा ठेवतात, आणि ते कमी वाटत असेल तर त्याचे फळ पाहावे. अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले, ७ टक्के वजन उतरवणे आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम एवढेच उद्दिष्ट होते. त्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. ८० किलोच्या माणसासाठी ७ टक्के म्हणजे साडेपाच किलोंच्या आसपास. चेन्नईत झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशाच भारतीय अभ्यासाचा निष्कर्ष मला याहूनही बोलका वाटतो: आहार-व्यायाम बदललेल्या गटाचे वजन फारसे उतरलेच नाही, तरीही मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला. फायदा झाला की नाही हे एकटा काटा सांगू शकत नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता असेल?

५०० कॅलरी आणायच्या कुठून, हा पुढचा प्रश्न, आणि त्याचे उत्तर बहुतेक गोमंतकीय ताटांत आणि ताटाच्या आसपासच सापडते. दुपारच्या उकड्या तांदळाच्या भाताचा एक मोठा डाव कमी केला तर साधारण १०० ग्रॅम भात, म्हणजे १३० कॅलरी वाचतात. बांगडा रवा लावून तव्यावर तेलात सोडण्याऐवजी हुमणात, म्हणजे आमटीत घातला तर मोठा चमचाभर तेल वाचते, त्या १२० झाल्या. ज्यांची संध्याकाळ फेणीशिवाय सरत नाही, त्यांच्या ६० मिलिलिटरच्या दोन पेगांत केवळ मद्यार्काच्याच २८० च्या घरात कॅलरी असतात, आणि सोबत येणारा चखणा त्यात धरलेलाच नाही. एवढ्यातच ५०० चा आकडा ओलांडला. हुमण गेले नाही, मासळी गेली नाही, भातही गेला नाही. ओल्या खोबऱ्याच्या वाटपाचा विषय मी मुद्दाम काढत नाही, कारण त्यावरून घराघरांत वाद होतील. पण १०० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात साडेतीनशेहून अधिक कॅलरी असतात, एवढे रांधणाऱ्याला ठाऊक असावे.

पहिल्या आठवड्यातल्या ४ किलोंकडे वळू. हा अनुभव अनेकांना खरोखरच येतो, आणि म्हणूनच सगळा संदेश खरा वाटू लागतो. आपल्या यकृतात आणि स्नायूंत मिळून सुमारे ५०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर असते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमाला जवळजवळ ३ ग्रॅम पाणी धरून असते. खाणे एकदम तोडले, विशेषतः भात-पाव बंद केले, की हा साठा काही दिवसांत रिता होतो आणि त्याच्याबरोबर दीड-दोन किलो वजन जाते. जेवण कमी झाले की मीठही कमी पोटात जाते, त्यामुळे आणखी पाणी सुटते, आणि आतड्यांत एरवी असणारा अन्नाचा भारही घटतो. ४ किलोंतली बहुतेक घट अशी असते. ती पहिल्या आठवड्यापुरतीच होऊ शकते, कारण रिकामा झालेला साठा दुसऱ्या आठवड्यात पुन्हा रिकामा करता येत नाही. पुढे एखाद्या दिवशी पोटभर भात जेवला की साठा भरतो, काटा किलो-दीड किलो वर जातो आणि माणूस हातपाय गाळून बसतो, वास्तविक चरबी तसूभरही वाढलेली नसते.

याची उलट बाजू आपल्याकडे पावसाळ्यात दिसते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, ताजी मासळी दुर्मीळ आणि महाग होते, आणि पुरुमेंताला, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीला, भरून ठेवलेले खारवलेले बांगडे आणि सुकी सुंगटे (कोळंबी) बाहेर निघतात. रात्री पेजेबरोबर खारे बांगडे किंवा सुंगटांची किसमूर झाली की मिठामुळे अंगात पाणी धरले जाते आणि सकाळी काटा पाऊण-एक किलो अधिक दाखवतो. रात्रीतून किलोभर चरबी साठायची तर नेहमीच्या जेवणावर ७,७०० कॅलरी जादा खाव्या लागल्या असत्या. पेज आणि किसमुरीने ते साधत नाही. म्हणून रोजच्या आकड्यावर हर्ष-खेद करू नये. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी वजन करावे, आठवड्याची सरासरी काढावी आणि चार आठवड्यांपूर्वीच्या सरासरीशी ती ताडून पाहावी.

भात पूर्ण बंद करण्याच्या सल्ल्याला २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासाने परस्पर उत्तर दिले आहे. ६०९ जणांपैकी निम्म्यांना कमी पिष्टमय आणि निम्म्यांना कमी स्निग्ध आहार वर्षभर दिला गेला. पहिल्या गटाचे वजन सरासरी ६ किलोंनी उतरले, दुसऱ्याचे ५.३ किलोंनी, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकणारा नव्हता. वाचकांनी इथे कालावधीही लक्षात घ्यावा: आहारतज्ज्ञांच्या नियमित बैठका घेऊन, स्वखुशीने सहभागी झालेल्यांचे एका वर्षात ५-६ किलो. भात सोडल्याने कोणाचे वजन उतरतच नाही असे नाही, पण ज्या घरात तीन पिढ्या शीत-हुमणावर वाढल्या तिथे भातबंदी चतुर्थीच्या पंगतीपलीकडे टिकत नाही, हे सांगायला अभ्यासाची गरज नसावी. श्रावण पाळणाऱ्यांसाठी एक पुरवणी जोडतो. मासळी सुटल्यावर ताटातली प्रथिने घटतात आणि त्यांची जागा साबुदाणा, भजी आणि वाढीव भात घेतात. वजन उतरवत असताना स्नायू टिकवायचे तर त्या महिन्यात मुगागाठी, अळसांद्याचे तोणाक, दही आणि पनीर यांचे प्रमाण वाढवायला हवे.

आगळाची कथा सरळ आहे. कोकमाच्या कुळातल्या फळांत हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल असते आणि ते चरबी तयार होण्याची प्रक्रिया रोखते, असे प्रयोगशाळेत दिसल्यावर मलबारी चिंचेच्या अर्काच्या गोळ्या जगभर विकल्या गेल्या. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत १३५ जणांना १२ आठवडे हा अर्क किंवा त्यासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी देण्यात आली. अर्क घेणाऱ्यांचे सरासरी ३.२ किलो उतरले, निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांचे ४.१ किलो. अशा अर्कांच्या गोळ्यांमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. सोलकढी या प्रकरणात निर्दोष आहे. ती जेवणाबरोबर प्यावी, औषध म्हणून पिऊ नये.

घामाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. मे महिन्यात मिरामारच्या किनाऱ्यावर प्लास्टिकचे जाकीट घालून धावणाऱ्याचे जे किलो-अर्धा किलो उतरते ते पाणी असते, आणि ते भरून काढले नाही तर चक्कर ठरलेली.

काटा थांबला तर जेवण निम्मे करा, हे विधान मला सर्वांत घातक वाटते. वजन उतरण्याचा वेग मंदावणे अटळ असते. हलक्या शरीराला कमी इंधन लागते, शिवाय मेंदू भूक वाढवतो. उतरलेल्या प्रत्येक किलोमागे दैनंदिन खर्च २० ते ३० कॅलरींनी घटतो आणि भूक मात्र सुमारे १०० कॅलरींनी वाढते, असा संशोधकांचा अंदाज आहे. म्हणजे ६ किलो उतरलेल्या माणसाला पूर्वीपेक्षा रोज ६०० कॅलरी अधिक खाव्याशा वाटतात. त्याने जागच्या जागी टिकून राहणे हेही कष्टाचे काम असते आणि त्याला आळशी ठरवणे अन्यायाचे आहे. अशा वेळी जेवण निम्मे केले तर काय होते? आठवड्याला दीड किलोंपेक्षा अधिक वेगाने वजन उतरले की पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो, कारण यकृत पित्तात जास्त कोलेस्टेरॉल सोडते आणि स्निग्ध अन्न न मिळाल्याने पित्ताशय पुरेसे आकुंचन पावत नाही. दोन-तीन महिन्यांनी केस गळू लागतात. आणि गोव्यात याहून मोठा धोका आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे देशातले सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, गोव्यात आढळले. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असलेल्याने डॉक्टरांना न सांगता जेवण निम्मे केले तर रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. चारशे सदस्यांच्या गटात संदेश टाकणाऱ्याने हे गृहीत धरायला हवे की त्यातल्या अनेकांच्या घरी अशी गोळी आहे.

डॉक्टरांच्या धंद्याच्या आरोपाला सध्याच्या सर्वांत चर्चेतल्या औषधाचाच दाखला पुरे. सेमाग्लुटाइड या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनच्या २०२१ मधल्या प्रमुख चाचणीत सुमारे १०५ किलो वजनाच्या लोकांचे ६८ आठवड्यांत सरासरी १५.३ किलो उतरले. भागाकार केला तर आठवड्याला सव्वादोनशे ग्रॅम. महागडी सुई विकणाऱ्यांनाही जे महिन्याभरात दाखवता आलेले नाही, ते फुकटच्या संदेशात दाखवले जाते.

प्रतिपक्षाच्या बाजूनेही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. सावकाश उतरलेले वजन टिकते आणि झटपट उतरलेले परत येते, असे आपण सर्रास ऐकवतो, पण मेलबर्नच्या २०१४ मधल्या चाचणीने त्याला दुजोरा दिलेला नाही. १२ आठवड्यांत आणि ३६ आठवड्यांत वजन उतरवणारे असे दोन गट होते, आणि पुढच्या तीनेक वर्षांत दोघांचेही उतरलेल्यापैकी सुमारे ७१ टक्के वजन परत आले. ब्रिटनमध्ये मधुमेहींना ८५० कॅलरींच्या आसपासचा आहार तीन ते पाच महिने देऊन ४६ टक्के जणांचा मधुमेह वर्षाअखेरीस औषधाविना आटोक्यात आल्याचेही २०१७ मध्ये दिसले. तेव्हा वेग हाच शत्रू आहे असे मी म्हणत नाही. त्या दोन्ही ठिकाणी ठरावीक घटकांचा तयार आहार आणि नियमित तपासणी होती, ब्रिटनमध्ये औषधेही डॉक्टरांनी बदलली होती, आणि तिथल्याही लोकांचे सरासरी १० किलो महिन्यात उतरले नव्हते. ब्रिटनमधली वर्षभराची सरासरीच १० किलो होती.

शेवटी, संदेशात उघडपणे न लिहिलेले पण सर्वत्र गृहीत धरलेले एक म्हणणे उरते: वजन कसेही उतरले तरी ते चांगलेच. खाण्यात वा हालचालीत काहीही बदल केलेला नसताना सहा ते बारा महिन्यांत ५ टक्क्यांहून अधिक वजन गेले, तर त्याची चौकशी करावी लागते. अनियंत्रित मधुमेह, थायरॉइडचा अतिस्राव, क्षयरोग आणि कर्करोग या सर्वांत असे होते. विशेषतः तहान वाढून लघवीला वारंवार जावे लागत असेल आणि कपडे सैल होत असतील, तर त्या माणसाचे अभिनंदन करण्याआधी त्याला जवळच्या आरोग्य केंद्रात नेऊन उपाशीपोटीची साखर तपासून घ्यावी.