‘पेठेत बसून जिनिव्हा’: एका प्रतिक्रियेला उत्तर

इटलीच्या प्राडा या फॅशन कंपनीने कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली, त्यावर मी लेख लिहिला आणि मानांकनाच्या जिनिव्हा करारात आपण नाही, हे त्यात म्हटलं. त्या लेखावर ‘स्पष्टवक्ता’ या टोपणनावाने आलेली प्रतिक्रिया आधी जशीच्या तशी देतो, म्हणजे मी काही गाळलं असं म्हणायला जागा नको. “पेठेत बसून जिनिव्हाच्या करारांवर प्रवचन झोडायला काय जातंय? प्राडाने कोल्हापुरी हा शब्द वापरलाच नव्हता, मग तुमच्या त्या करारात भारत असता तरी काय उपटलं असतं? हे सगळे करार श्रीमंत देशांनी स्वतःसाठी लिहिलेत, औषधांत आपण ते भोगलंय. आणि कर्नाटकातले कारागीर सोयीस्कर विसरलात!”

शेवटचं आधी घेतो. मान्य. २०१९ चं भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे ठरावीक प्रदेशातल्या वस्तूला मिळणारं कायद्याचं संरक्षण) महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांइतकंच कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांचंही आहे. बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर ही नावं लेखात हवी होती, आता घातली आहेत. ‘सोयीस्कर’ हा शब्द मात्र तुम्ही परत घ्या. त्यात माझी कसली सोय होणार होती?

आता ‘पेठेत बसून’.

हो, पेठेत राहतो. त्यात लाज वाटण्यासारखं काय आहे ते मला कळलेलं नाही. पण इथे बसून मी काय केलं हे तुम्ही विचारलं असतंत तर बरं झालं असतं. उमेदीची सगळी वर्षं मी बाजीराव रस्त्यावर एका पेटंट आणि ट्रेडमार्क एजंटाच्या कचेरीत काढली. अर्ज टाइप करणं, आकृत्या ट्रेस करून घेणं, मुंबईला खेपा घालणं, हरकतींची उत्तरं मुदतीत पोचवणं. प्रवचन झोडणाऱ्याच्या बोटांना कार्बन पेपरची शाई लागत नाही, माझ्या लागलेली आहे.

त्या कचेरीत भोसरीचे एक कारखानदार यायचे. लहान शेड, चार लेथ. त्यांनी एक झडप बनवली होती. गळती थांबवायची तिची युक्ती इतकी साधी की बघणाऱ्याला वाटावं, हे आजवर कुणाला कसं सुचलं नाही! आकृत्यांची गुंडाळी वर्तमानपत्रात बांधून आणायचे आणि उघडण्याआधी टेबल स्वतः रुमालाने पुसायचे. त्यांना जर्मनीत पेटंट हवं होतं. एका देशातल्या अर्जाची तारीख दुसऱ्या देशांत धरायला लावणारा पॅरिस करार १८८३ चा, पण भारत त्यात शिरला ७ डिसेंबर १९९८ ला. ही गोष्ट त्याआधीची. इथे अर्ज केल्याची तारीख तिकडे धरली जात नव्हती. म्हणजे अर्ज जवळपास एकाच वेळी दोन्हीकडे टाका, जर्मन भाषांतर करून घ्या, तिथला वकील नेमा आणि सगळे पैसे आजच मोजा. झडप विकली जाईल की नाही याचा पत्ता नसताना. त्यांनी गुंडाळी परत बांधली. पुढे तशीच झडप एका परदेशी कंपनीच्या कॅटलॉगमध्ये निघाली. त्यांनी ते पान मला आणून दाखवलं, काही बोलले नाहीत.

१९९८ नंतर आलेल्या गिऱ्हाइकांना तेच काम करताना बारा महिने मिळू लागले. आज पुण्यातून अर्ज करा, वर्षभर गिऱ्हाईक शोधा, पैसे जमवा, मग बाहेर अर्ज करा आणि तारीख आजचीच धरली जाईल. ७ डिसेंबर १९९८ लाच भारत पेटंट सहकार्य करारातही (एकाच अर्जाने अनेक देशांत पेटंट मागण्याची सोय) आला आणि ही सवड बहुतेक देशांसाठी अडीच वर्षांपर्यंत लांबवता येऊ लागली. ती उपभोगली कुणी? बड्यांना तर आधीही अडचण नव्हती, त्यांचे वकील जागोजागी बसलेलेच असतात. सवड लागते ती चार लेथवाल्याला. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही, समोर बसून पाहिलं आहे. तुम्ही काय पाहिलं आहे, हे टोपणनावावरून कळायला मार्ग नाही.

लेखातही मी तेवढंच म्हटलं होतं. आपलं मानांकन आपल्या सीमेवर संपतं. मानांकनांची अनेक देशांत नोंदणी करणाऱ्या लिस्बन कराराच्या २०१५ च्या जिनिव्हा आवृत्तीत युरोपीय संघ आहे, आपण नाही. असतो तर एका अर्जावर अनेक देशांत नोंदणी मागता आली असती. यात प्रवचन कुठे आहे?

राहिला प्राडाचा मुद्दा. जून २०२५ मध्ये मिलानला दाखवलेल्या त्या जोडावर ‘कोल्हापुरी’ लिहिलेलं नव्हतं, हे लेखात मीच लिहिलंय. शेवटपर्यंत वाचलं असतंत तर दिसलं असतं. पण मानांकन म्हणजे फक्त नाव, हे तुमचं गृहीतक तपासून पाहा. फ्रान्समधल्या मोर्बिए नावाच्या चीजच्या मधोमध एक काळी रेघ असते. दुसऱ्या उत्पादकाने नाव न वापरता ती रेघ उचलली, तेव्हा डिसेंबर २०२० मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितलं की ग्राहकाची दिशाभूल होत असेल तर नुसतं रूप उचलणंही नियमात अडकू शकतं. अंगठ्यात अडकणारा पट्टा, बाजूचे कान, वरची वेणी, हे रूप नाही तर काय आहे? ते नियम तेव्हा अन्नपदार्थांपुरते होते, हे तुम्ही म्हणायच्या आधी मीच म्हणतो. हस्तकलेच्या वस्तूंसाठी युरोपचा कायदा १ डिसेंबर २०२५ पासून लागू झाला. म्हणजे दार आता उघडलंय. तिथे थेट अर्जही करता येतो, पण करारात असतो तर तोच एक अर्ज अनेक देशांत चालला असता. आपल्याकडे काय झालं? मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये प्राडाविरुद्धची जनहित याचिका फेटाळली, कारण मानांकनाची नोंदणी ज्यांच्या नावावर आहे ते स्वतः आलेच नव्हते. त्यावर तुम्ही चकार शब्द काढत नाही.

औषधांचा विषय तुम्ही अर्ध्या वाक्यात उरकलात, मीही फार लांबवत नाही. करार श्रीमंतांनी लिहिले, कबूल. वाइन आणि दारूच्या नावांना ट्रिप्समध्ये (जागतिक व्यापार संघटनेचा बौद्धिक संपदा करार) जास्तीचं संरक्षण आहे आणि चपलेला नाही, ते उगीच नव्हे. पण पेटंट कायद्यातलं कलम ३(ड), म्हणजे जुन्याच औषधाच्या किरकोळ बदललेल्या रूपाला पेटंट नाकारणारं कलम, आपण त्याच ट्रिप्समध्ये राहून २००५ ला लिहिलं आणि त्यावरच २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात नोव्हार्टिस ही स्विस औषध कंपनी हरली. नेक्साव्हार या कर्करोगावरच्या औषधाचा महिन्याचा खर्च दोन लाख ऐंशी हजारांवरून नऊ हजारांच्या आत आला, तो २०१२ चा सक्तीचा परवानाही (पेटंटधारकाच्या संमतीविना दुसऱ्याला औषध बनवू देणारा) करारात बसणाराच होता. यावर स्वतंत्र लेख होईल. तेव्हा या, आणि शक्य झाल्यास स्वतःच्या नावाने या.

‘उपटलं असतं’ असले शब्द यावेळी राहू दिले आहेत. पुढच्या वेळी अशी प्रतिक्रिया छापणार नाही. बाकी कुणाला जिनिव्हा आवृत्तीच्या फीबद्दल किंवा कारागिरांच्या नोंदणीबद्दल विचारायचं असेल तर खाली जरूर विचारा, त्याची उत्तरं मी नेहमीच देतो.