‘कशावरून?’साठी जागाच नाही

‘ग्रामीण मुलांना चित्रावरून अनुमान काढणं जड जातं’ हे चित्रं दाखवून अनुमान काढायला शिकवण्यावरच्या तुमच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. मी जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात चौथीला शिकवतो. लेखात नमुन्याला घेतलंय बर्फात हातमोजे घालून उभ्या मुलाचं चित्र. आमच्या पोरांनी बर्फ पाहिला तो गोळ्याच्या गाडीवर. डोळ्यांना दिसतं त्याला आधीचं माहीत असलेलं जोडायचं, तेव्हा अनुमान निघतं. जोडायलाच काही नसेल तर मूल गप्प बसणार, त्यात त्याच्या बुद्धीचा काय दोष?

मागे मी माझ्या मोबाइलवरचा केळीच्या बागेचा फोटो दाखवला. झाडं आडवी झालेली, एवढंच. पोरं लगेच म्हणाली, वादळ. कशावरून? ‘सगळी एकाच अंगाला पडलीत.’ मागच्या बाकावरून एक मुलगी, जी एरवी तोंड उघडत नाही, म्हणाली, ‘सर, पानं आजून हिरवी शेतस (आहेत).’ म्हणजे वादळ नुकतंच होऊन गेलेलं, हे तिने पानांवरून ओळखलं. एकजण रानडुकरांवर अडून बसला होता. त्याला म्हटलं, दाखव कुठे दिसतंय. त्याने फोटो मोठा करकरून पाहिला आणि स्वतःच म्हणाला, ‘खुरांचे ठसे नाहीत, घडही खाल्लेले नाहीत. वादळच असेल.’ मला त्या तासातलं सगळ्यात मोलाचं वाटलं ते हे, त्याचं स्वतःहून मत बदलणं. लेखासोबतच्या कृतिपत्रिकेत उत्तरासाठी एक रेघ आहे, ‘कशावरून?’साठी नाही. तेवढी एक रेघ कृपा करून वाढवा.